ऱ्हाईनकाठचा किल्ला, मुक्काम व्हिटबी

टक, टक, टक.

"पोकळ," ते म्हणाले.

टोरांटोजवळच्या व्हिटबीतल्या आमच्या नव्या घराची त्या दिवशी वास्तुशांत होती. एटोबिकोहून आलेले गुरुजी हॉलमध्ये होम करत होते. फायर अलार्म वाजू नये म्हणून नवरा खुर्चीवर उभा राहून त्याला पुठ्ठ्यानं वारा घालत होता. आणि दोन घरं सोडून राहणारे हे साठीतले गृहस्थ, ज्यांना मी केवळ त्यांच्या खिडकीत तुळस दिसली म्हणून बोलावलं होतं, ते बोटाच्या पेरानं आमच्या भिंती वाजवून बघत फिरत होते. हॉलची झाली, किचनची झाली, जिन्याखालची झाली.

"सगळंच पोकळ. आत चार काठ्या, बाहेर खडूचा पत्रा. एखाद्या घुशीनं मनावर घेतलं तर एका दुपारचं काम."

"काका, इथे सगळी घरं अशीच असतात हो," मी शक्य तितक्या गोड आवाजात म्हणाले.

"तर काय! माझंही असंच आहे," ते म्हणाले आणि त्यांनी शिरा आणखी मागून घेतला.

पुढची आठ-नऊ वर्षं मी ही टकटक ऐकली. बँकेत ऐकली, दातांच्या डॉक्टरकडे ऐकली, देवळात ऐकली. देवळात त्यांनी सभामंडपाचा खांब वाजवला आणि पुजाऱ्यांना आदरानं विचारलं, "फायबरग्लास?" मराठी मंडळाचे कार्यक्रम ज्या शाळेच्या हॉलमध्ये व्हायचे, तिथली एक भिंत काँक्रीटच्या ठोकळ्यांची होती. तिच्यावर त्यांनी शाबासकीची थाप मारली आणि संपूर्ण नाटक तिला टेकून बघितलं. नाटक कसं झालं विचारलं तर म्हणाले, "भिंत चांगली आहे."

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं, आणि का आवडलं नसतं ते पुढे येईलच. मंडळातले लोक त्यांना किल्लेदार म्हणायचे, मुलं कॅसल आजोबा म्हणायची, मी काका म्हणायची.

काका मूळचे कराडकडचे. वडील पाथरवट. पाटे-वरवंटे, जाती घडवायचे आणि उरलेल्या दिवसांत गावोगाव हिंडून लोकांच्या झिजलेल्या पाट्यांना टाकी लावून द्यायचे. म्हणजे छिन्नीनं ठोके मारून पाटा पुन्हा खरबरीत करायचे. काका ह्याबद्दल फार बोलायचे नाहीत. एकदाच म्हणाले होते, "टाकी लावलेली वर्षभरात झिजते. म्हणजे माझ्या बापाचं सगळं काम लोकांनी चटणीतून खाल्लं." मी हसले. ते हसले नाहीत, म्हणून मग मी थांबले.

काका स्वतः आयटीआय करून फिटर झाले आणि बाविसाव्या वर्षी जर्मनीला गेले. ऱ्हाईन नदीच्या काठी द्राक्षमळ्यांचं एक छोटं गाव, तिथे बाटल्या भरायची यंत्रं बनवणारा कारखाना. सात वर्षं तिथे काढली. मग कॅनडा, गाड्यांचा कारखाना, लग्न, मुलगा, मॉर्गेज, जे आपल्या सगळ्यांचं होतं ते. पण कोणी विचारलं "काका, तुम्ही मूळचे कुठले?" तर ते आधी कराड सांगायचे आणि मग लगेच, कोणी न विचारता, त्या जर्मन गावातल्या किल्ल्याचा इतिहास सुरू करायचे. त्यातून सुटका नसे. माझ्या ओळखीच्या एका बाईनं त्यांना गो ट्रेनमध्ये फक्त "बसू का?" विचारलं होतं आणि युनियन स्टेशन येईपर्यंत ती फ्रान्सच्या तेराव्या की चौदाव्या लुईपर्यंत पोचली होती.

इतिहास असा. त्या गावाशी नदी वळण घेते, आणि वळणावर होड्यांना वेग कमी करावाच लागतो. हे एका बिशपच्या लक्षात आलं. त्यानं वरच्या कड्यावर किल्ला बांधला, खाली नदीत आडवी साखळी टाकली आणि दारूच्या प्रत्येक पिंपामागे जकात घ्यायला सुरुवात केली. "देवाचा माणूस," काका म्हणायचे, "देवानं वळण दिलं, ह्यानं साखळी दिली." पुढे एका सरदारानं वेढा घातला. किल्ला बेलाग होता, पडला नसता, पण गावातलेच लोक जकातीला इतके कंटाळले होते की त्यांनी आतून दरवाजा उघडून दिला. सरदार आत आला आणि त्यानं जकात वाढवली.

"पडला," काका इथे थांबायचे. "मग?"

"बांधला!" मुलं ओरडायची.

मग फ्रेंच फौज आली आणि तिनं सुरुंग लावून अर्धा बुरुज नदीत लोटला. त्यानंतर शे-दीडशे वर्षं गाववाले रात्रंदिवस किल्ल्याचे दगड पळवत होते. कोणी डुकरांचा गोठा बांधला, कोणी चर्चची पायरी केली, आणि बहुतेकांनी दारूची तळघरं बांधली. शेवटी एका श्रीमंत माणसाला जुन्या काळाचं वेड लागलं, त्यानं उरलेल्या अवशेषांवर नवे मनोरे आणि टोकदार खिडक्या चढवल्या. "तो भाग पोकळ," काका हळूच सांगायचे. "मी वाजवून बघितलाय."

आता तुम्ही म्हणाल, अशा किल्ल्यांचा इतिहास कुठल्याही ट्रॅव्हल कंपनीच्या पुस्तिकेत असतो. मीही तेच म्हणाले होते. एकदा तर मी इंटरनेटवर शोधून, छापून त्यांच्या हातात कागद दिला, की बघा काका, तुमचा सरदार आधी आणि बिशप नंतर. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचला.

"ह्यात गवंडी कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

"गवंडी कशाला असतील?"

"तेच ना," ते म्हणाले आणि कागदाची घडी करून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली.

कारण त्यांची खरी गोष्ट ती होती. काका ज्या म्हातारीच्या घरी भाड्यानं राहायचे, तिच्या तळघराच्या भिंतीत किल्ल्यावरून पळवलेले दगड होते. त्यातल्या एका दगडावर एक खूण कोरलेली होती. तीन रेघा, पक्ष्याच्या पायासारख्या. म्हातारीनं सांगितलं, जुने पाथरवट आपण घडवलेल्या दगडावर आपापली खूण करायचे. काका म्हणाले, ते ऐकून त्यांना त्या रात्री झोप लागली नाही. दर रविवारी ते किल्ल्यावर जाऊन ती पक्ष्याच्या पायाची खूण शोधायला लागले. सात वर्षांत सात दगड सापडले. तीन किल्ल्यात, दोन चर्चच्या पायरीत, एक म्हातारीच्या तळघरात, आणि एक डुकरांच्या गोठ्यात, ज्यासाठी त्यांना मालकाचा कुत्रा चावला. पोटरीवरचा व्रण ते दाखवायचे, मुलांनी न मागता.

"बिशपचं थडगं कुठे ते कोणाला नक्की माहीत नाही," ते म्हणायचे. "पण हा माझ्या बापाच्या धंद्यातला माणूस, ह्याचा हात मला सात ठिकाणी भेटला."

दर दिवाळीत काका गराजमध्ये किल्ला करायचे. आपल्याकडे मुलं करतात तसाच, मातीचा, पोत्यावर अळीव पेरून. ओंटारियोतल्या दिवाळीच्या थंडीत अळीव काय उगवणार! म्हणून ते वर ट्यूबलाइट लावून ठेवायचे आणि काकू रोज सकाळी कपाळाला हात लावत कोमट पाणी शिंपडायच्या. किल्ला अर्थात ऱ्हाईनकाठचा. खाली ॲल्युमिनियम फॉइलची नदी, तिच्यात काकूंच्या मंगळसूत्राची जुनी साखळी, आणि पिंपं म्हणून बाटल्यांची बुचं.

एका वर्षी मंडळानं किल्ले-स्पर्धा ठेवली. परीक्षक म्हणून खुद्द सेक्रेटरी आले. ओकव्हिलमध्ये घर, बोलणं नेमस्त, इतिहासाचा अभ्यास. त्यांनी किल्ल्याभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"कुठला म्हणायचा हा?"

"जर्मनीतला."

"आणि वर सिंहासनावर महाराज?"

"मग दुसऱ्या कोणाला बसवू?"

"अहो, पण महाराज तिथे कधी गेले होते?"

"नव्हते गेले. गेले असते तर घेतला असता," काका म्हणाले.

ह्यावर कुठलाही मराठी माणूस काय बोलणार? सेक्रेटरींनी तरी बाजू लढवून पाहिली. आपल्या गडांवरही बांधणाऱ्यांची आठवण आहे, रायगडाच्या पायरीवर बांधणाऱ्याचं नाव कोरलेलं आहे, वगैरे. काकांनी हात जोडले. म्हणाले, "त्यांना माझा नमस्कार. मोठा माणूस. पण ते देखरेखीवर होते. टाकी कोणाच्या हातात होती?" बक्षीस एका तयार थर्माकोलच्या किल्ल्याला गेलं. काकांनी तोही वाजवून बघितला.

ह्या सगळ्याची किंमत मला मोजावी लागली. माझी मुलगी सई चौथीत असताना शाळेत तिला आपल्या हेरिटेजवर प्रोजेक्ट करायचं होतं. मी बिझी, नवरा बिझी, तिनं आपलं आपण केलं. बाईंचा मला ऑफिसात फोन आला. फारच प्रेमळ बाई. म्हणाल्या, मुलीचं प्रेझेंटेशन वंडरफुल झालं, फक्त एक विचारायचं होतं, तुमच्या घराण्यात बिशप कोणत्या बाजूनं आले?

संध्याकाळी मी पोस्टर बघितलं. नदी, साखळी, दारूची पिंपं, लाल टोपीवाला बिशप, वर भगवा झेंडा. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की माझे पूर्वज ह्या किल्ल्याचे दगड घडवायचे. नवऱ्यानं दुसऱ्याच दिवशी शिवचरित्राची चित्रमय पुस्तकं मागवली. सईनं ती सगळी वाचली आणि जेवताना विचारलं, "बाबा, बट हू वेअर द मेसन्स?" नवऱ्यानं पुन्हा आमटी वाढून घेतली.

मी तडक काकांकडे गेले. चांगलं भांडायचं ठरवून गेले होते. पोस्टरचं सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले, आणि बिशपचं झाल्यावर "माझे पूर्वज दगड घडवायचे" हे वाक्य आलं तशी त्यांनी मान दुसरीकडे वळवली.

"असं लिहिलं तिनं?" ते म्हणाले. "सगळ्या वर्गासमोर?"

मग मी काय भांडणार! चहा पिऊन परत आले.

निवृत्त झाल्यावर काकांनी जाहीर केलं की माती पुरे, आता दगडाचा किल्ला, कायमचा, मागच्या अंगणात. आमच्या सबडिव्हिजनमधली मागची अंगणं रुमालाएवढी. त्यात काकांच्या कुंपणाच्या कडेनं एक उथळ चर होता. वितळलेल्या बर्फाचं पाणी सगळ्या घरांच्या मागून वाहून जावं म्हणून बिल्डरनं तो मुद्दाम ठेवलेला असतो, आणि त्याला हात लावायचा नाही असं घराच्या कागदांतच लिहिलेलं असतं. काकांनी कागद वाचले नव्हते. त्यांना फक्त एवढंच दिसलं की चराला त्यांच्या अंगणात एक झकास वळण आहे.

"नदी आयतीच मिळाली," ते म्हणाले.

त्या उन्हाळ्यात शेजारपाजारची आठ-दहा मुलं गॉगल लावून काकांच्या अंगणात छिन्नी-हातोडा चालवत होती. आम्ही पालक खिडकीतून बघत एकमेकांना फोन करून लायबिलिटी हा शब्द उच्चारत होतो. पण कोणाची हिंमत झाली नाही, कारण मुलं दोन-दोन तास टीव्हीशिवाय गप्प होती. प्रत्येकानं आपला दगड घडवायचा आणि त्यावर आपली खूण करायची. सईनं हॉकी स्टिक कोरली. एकानं पिझ्झाचा त्रिकोण. एका मुलीनं आपल्या मेलेल्या हॅमस्टरचा चेहरा कोरला, तो बटाट्यासारखा दिसत होता, पण काकांनी त्याला बुरुजाच्या दर्शनी बाजूला जागा दिली. मलाही एक दगड मिळाला. मी तीन संध्याकाळी खपून त्यावर एक वाटी कोरली. का वाटी, विचारू नका.

"आणि तुमचा कुठला, काका?" मी विचारलं.

"माझा नाही अजून."

"का?"

"भिंत उभी राहील अशी खात्री झाली की करीन. उगाच पडणाऱ्या भिंतीवर खूण कशाला? झिजणारं काम बापानं जन्मभर केलं तेवढं पुरे झालं."

आतून काकू म्हणाल्या, "ह्यांनी आजवर कुठे सही केलीय? मुलाच्या प्रगतिपुस्तकावरसुद्धा मीच करायचे." त्या हसत होत्या, पण मला तेव्हा कळलं की ह्या माणसाला जगात एवढीच एक गोष्ट हवी आहे, टिकेल अशा एका भिंतीत आपली एक खूण. नाव नको, नुसती खूण.

भिंत चार फूट उंच झाली आणि पहिल्याच हिवाळ्यात खालची जमीन गोठून फुगली तशी वाकली. काकांनी उन्हाळ्यात दुरुस्त केली, पुढच्या हिवाळ्यात पुन्हा वाकली. तरीही त्यांना नदीत पाणी हवं होतं, होड्या चालायला. म्हणून त्यांनी बिशपच्या साखळीच्या जागी चरात दगडांचा एक बांध घातला.

मार्च महिन्यात दोन दिवस एकदम ऊन पडलं आणि सगळ्या गल्लीचं बर्फ एकाच वेळी वितळलं. ऱ्हाईनला पूर आला.

कुंपणापलीकडे मान्युएल राहायचा. सत्तरीचा पोर्तुगीज, एकटा, आडव्या बांध्याचा, नमस्काराला फक्त भुवई उचलणारा. तो दरवर्षी शरद ऋतूत द्राक्षांच्या पेट्या आणून बेसमेंटमध्ये स्वतःची वाइन करायचा, त्यामुळे ऑक्टोबरभर आमच्या गल्लीला आंबूस वास यायचा. त्या दिवशी तो गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून काकांच्या दारात आला. मी योगायोगानं तिथेच होते.

"यू मेक रिव्हर," मान्युएल म्हणाला. "रिव्हर कम माय हाऊस."

आम्ही बघायला गेलो. बेसमेंटमध्ये वीतभर पाणी होतं आणि त्यात दारूची पिंपं तरंगत होती. काका जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभे राहिले. त्यांना लाज वाटली होती हे खरं, पण मी त्यांना ओळखत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर दुसरंही काहीतरी होतं. मी त्यांना कोपरानं ढोसलं.

"अगदी अस्संच," ते माझ्या कानात म्हणाले. "तिकडे पूर यायचा ना, तर अगदी अस्संच."

मान्युएलनं टाऊनकडे, म्हणजे नगरपालिकेकडे, तक्रार केली, आणि ती करायलाच हवी होती. क्लिपबोर्ड घेऊन एक तरुण मुलगी आली, भलतीच नम्र.

"सर, इज धिस अ शेड?"

"नो मॅडम. कॅसल."

तिनं तसं लिहून घेतलं. आठवड्यानं पत्र आलं. चर मोकळा करावा, बांधकाम काढावं, कुंपणापासून अमुक अंतर सोडल्याशिवाय पुन्हा बांधू नये. तेवढं अंतर सोडलं तर किल्ला काकूंच्या किचनमध्ये आला असता.

एका शनिवारी सकाळी आम्ही सगळे किल्ला उतरवायला जमलो. मुलं रडत होती. काका रडत नव्हते, ते एकेक दगड उचलून खूण वरच्या बाजूला येईल असा गवतावर मांडत होते. मुलांना हसवायला मी मुद्दाम ओरडले, "पडला! मग?" मुलं गवतावरच्या दगडांकडे बघत राहिली. काकांनी पुढचा दगड उचलला. मला माझ्या आगाऊपणाचा राग आला.

मान्युएल कुंपणावर हात टेकून केव्हापासून बघत होता. त्यानं हात लांब करून कुंपणाजवळचा एक दगड उचलला. तो नेमका हॅमस्टरचा निघाला. त्यानं अंगठा दगडाच्या कडेवरून फिरवला. मग दुसरा उचलला, काकांनी घडवलेला, बिनखुणेचा. त्याच्या कडेवरून अंगठा दोनदा फिरवला.

"हू कट धिस?"

काकांनी हात वर केला, वर्गात करतात तसा.

"गुड कट," मान्युएल म्हणाला. "बट यू नो मेसन. युअर टावर ही ड्रंक." आणि त्यानं खिशातून ओळंबा काढला. पितळी, दोरी गुंडाळलेला, भिंत सरळ उभी आहे का ते बघायचा. चाळीस वर्षं टोरांटोत विटा-दगड रचून निवृत्त झालेला माणूस शनिवारी सकाळी खिशात ओळंबा घालून फिरत होता. काकांनी त्या ओळंब्याकडे असं बघितलं की काकूंनी माझ्याकडे बघितलं.

"नो फाउंडेशन?" मान्युएलनं विचारलं.

"नो."

"इन कॅनडा! फ्रॉस्ट कम, फ्रॉस्ट पुश. फोर फीट यू डिग, मिनिमम." त्यानं आपल्या अंगणाकडे बोट केलं. त्याचा प्लॉट कोपऱ्यावरचा, मोठा, घराकडे उतरता पण पलीकडच्या बाजूला उंच, मधोमध द्राक्षाचा मांडव. "ब्रिंग हियर. धिस साइड हाय. नो रिव्हर."

"लिटल रिव्हर?" काकांनी विचारलं.

"नो रिव्हर!"

तो उन्हाळा मी विसरणार नाही. दोन म्हातारे, दोघांचं इंग्रजी मिळून जेमतेम एक वाक्य व्हायचं, आणि दिवसभर भांडण. एक दगड घडवायचा, दुसरा तो नाकारायचा. मुलं खुणा ओळखून आपापला दगड आणून द्यायची. मान्युएलनं चार फूट खणून पाया भरला, बुरुजाची आतली पोकळीसुद्धा दगड आणि सिमेंटनं ठासून भरली. काकांनी त्याला जर्मन गावात ऐकलेली गोष्ट सांगितली, की एका साली द्राक्षं इतकी आली की जुनी दारू ओतायला जागा नव्हती, म्हणून गवंड्यांनी बुरुजाचा चुना दारूत कालवला. मी म्हणाले, काका, काहीही! पण मान्युएल गंभीरपणे म्हणाला की त्याच्या गावातल्या चर्चचंही हेच सांगतात. मग दोघांनी ठरवून एका घमेल्यात गेल्या सालची वाइन ओतली. मी ह्याची साक्षीदार आहे. उरलेली कुठे गेली ते काकूंना सांगू नकोस असं काकांनी मला बजावलं. काकूंनी दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना मला आपण होऊन सांगितलं, "किल्ला दारूवर उभा आहे म्हणे. किल्लेदारही होते काल."

सप्टेंबरात शेवटचा दगड बसला. मान्युएलनं चारी बाजूंनी ओळंबा धरला. काकांनी बुरुज वाजवून बघितला. कान लावून पुन्हा वाजवला. मग मान्युएलचा हात हातात घेऊन बराच वेळ हलवत राहिले.

खूण कुठे केली असं मी विचारलं तर म्हणाले, "बघू."

त्यानंतर त्यांना दोन दिवाळ्या मिळाल्या. दोन्ही वेळा किल्ल्यावर पणत्या लागल्या, बोचऱ्या वाऱ्यात, कॉफीच्या रिकाम्या डब्यांच्या आडोशाला. पुढच्या जानेवारीत ड्राइव्हवेवरचं बर्फ शोव्हल करताना ते खाली बसले आणि उठले नाहीत. मी तेव्हा टोरांटोत मीटिंगमध्ये होते. मला फार वाईट वाटलं. अजूनही वाटतं, त्यात काही कमी झालेलं नाही.

फ्युनरल होममध्ये मंडळातले सगळे आले होते. सेक्रेटरी चांगलं बोलले, किल्ल्यांवरच्या प्रेमाबद्दल. मान्युएल काळा सूट घालून शेवटच्या रांगेत बसला होता. मध्येच मला बारीक आवाज आला. सई, तेव्हा तेरा-चौदा वर्षांची, भिंतीला टेकून उभी होती आणि तिचं बोट पाठीमागे होतं. टक, टक, टक. तिनं माझ्याकडे बघितलं.

"हॉलो, आई."

मला हसू आलं. आवरता येईना. तिलाही आवरेना. लोक वळून बघायला लागले, काकूंनीही बघितलं. त्यांना काय झालं ते बरोबर कळलं आणि त्याही तोंडाला पदर लावून हसायला आणि रडायला लागल्या. असं हसणं बरं दिसलं नसेल. पण काका असते तर त्यांनी आमच्याआधीच भिंत वाजवली असती.

बर्फ वितळल्यावर आम्ही सगळे मान्युएलच्या अंगणात गेलो आणि किल्ल्यावरच्या खुणा शोधल्या. हॉकी स्टिक होती, पिझ्झा होता, हॅमस्टर होता, माझी वाटी होती. काकांची खूण कुठेच नव्हती. मुलांनी टॉर्च घेऊन एकेक सांध तपासली. काकू म्हणाल्या, राहिलं असेल त्यांचं. आणि त्या आत गेल्या, कारण त्यांना ते बघवेना.

मी मान्युएलला विचारलं. तो द्राक्षाच्या वेली छाटत होता.

"ही पुट," तो म्हणाला. "फर्स्ट स्टोन. आय होल्ड द लाइट."

"कुठे?"

त्यानं बुरुजाच्या पायथ्याकडे बोट केलं, आणि मग पंजा उलटा करून दाखवला. पहिला दगड, पायावरचा, आणि खुणेची बाजू आत. ठासून भरलेल्या दगड-सिमेंटच्या आत.

म्हणजे उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच केली होती. बाहेर भिंत उभी राहायच्या आधी. मान्युएलचा चार फुटी पाया बघितला आणि त्यांची खात्री पटली.

"कशी आहे खूण? काय काढलंय?" मी विचारलं.

मान्युएलनं मान हलवली. "आय नो टेल. ही से, व्हेन शी फॉल, दे सी."

मी ते काकूंना जाऊन सांगितलं. त्यांनी दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "म्हणजे आपल्याला दिसायची नाही," आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी त्या वर्षात पहिल्यांदाच बघितलं.

काकू आता मुलाकडे असतात. त्यांच्या घरात दुसरे लोक आले आहेत, त्यांनी चर कागदात लिहिल्याप्रमाणे मोकळा ठेवला आहे. मान्युएल अजून वाइन करतो आणि ऑक्टोबरात मला एक बाटली घ्यायला बोलावतो. मी जाते. तो बाटली आणायला बेसमेंटमध्ये उतरला की मी इकडेतिकडे बघते, कोणी नाही अशी खात्री करते आणि दोन्ही हातांनी, अंगातलं सगळं बळ लावून, बुरुजाला एक धक्का देऊन बघते.

हलत नाही.